दारू सुटली, पण माणूस घरचा राहिला का?

पत्र थोडक्यात: वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून 36 वर्षांच्या ताईंनी लिहिलं आहे. 6 एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. घरात नवरा, सासू, दहावीतली मुलगी. भिंतीपलीकडे धाकटे दीर. नवरा बारा वर्षं पीत होता. अडीच वर्षांपूर्वी एका मित्रानं त्याला तालुक्याच्या गावी भरणाऱ्या येशूच्या प्रार्थनेला नेलं. तेव्हापासून दारू बंद, तंबाखू-सुपारीचा खर्राही बंद. पण आता तो प्रसाद खात नाही, पोळ्याला बैलांची पूजा करत नाही, सासऱ्यांच्या नावानं अक्षय तृतीयेला घागर भरत नाही. कापूस विकून आलेल्या पट्टीतून दशांश, म्हणजे दहावा भाग, सभेला काढून देतो. मुलीला शुक्रवारचा उपास धरायला लावतो. पास्टर म्हणतात, घरातला देव्हारा काढा आणि सगळ्यांनी मिळून बाप्तिस्मा घ्या. दीर म्हणतात, धर्म बदलला की शेतीतला वाटा गेला. माहेरचा भाऊ म्हणतो, त्याला तिथून ओढून आण, नाहीतर निघून ये. ताई विचारतात: "दारू सुटली, पण माणूस बी हातचा गेल्यासारखा वाटते. प्रार्थना सोडवली तं दारू वापस येईन. मी काय करू? त्याच्या मागं जाऊ का त्याले मागं आणू?" पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: नवऱ्यानं दिवाळीपासून बीपीची गोळी बंद केली आहे.

ताई,

दारूची बारा वर्षं तुम्ही तीन ओळींत संपवली आहेत आणि प्रार्थनेच्या अडीच वर्षांना चार पानं पुरली नाहीत. त्यात नवल नाही. पिणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, हे गावातली कोणतीही बाई सांगते: पैसे तुरीच्या डब्यात लपव, रात्री लेकरांना जावेकडे झोपव, सकाळी बोलू नको. प्रार्थना करणाऱ्या नवऱ्याचं काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. त्यामुळे तुम्ही एकट्या पडलात, आणि एकटं पडलं की दोनच वाटा दिसतात. मागे जा किंवा मागे आणा.

"त्यांनी माझा माणूस नेला" असं तुम्ही लिहिलंय. आधी हे तपासू. त्याचा पूर्वीचा दिवस आठवा. संध्याकाळी सहानंतर त्याला जायला एकच जागा होती, तिथली माणसंही ठरलेली. जिल्ह्यात 1970 च्या दशकापासून दारूबंदी आहे आणि तरी ती जागा कुठे आहे हे गावातल्या पोरासोरांना ठाऊक असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आता तो पाचला उठून बायबलातलं वचन वाचतो. बुधवारी उपास-प्रार्थना, रविवारी सभा, आणि रोज संध्याकाळी त्या "ब्रदर"चा फोन, ज्याचा तुम्हाला इतका राग येतो. ताई, तो फोन साधारण पिण्याच्याच वेळेला येतो, हे कधी लक्षात आलं का? दारू सोडणाऱ्याला खरी अडचण येते ती मोकळ्या संध्याकाळची, आणि ही सगळी मंडळी त्याची संध्याकाळ भरून काढत आहेत. वर महिन्यातून एकदा तो चारचौघांत उभा राहून साक्ष देतो. मी प्यायचो, बायकोला मारायचो, आता पीत नाही. ज्यांच्यासमोर हे बोललं, त्यांच्यासमोर परत झिंगून जाता येत नाही. माझ्या मते चमत्काराहून हेच जास्त कामाला आलं. त्याला मात्र तो चमत्कारच वाटेल, आणि त्यावरून त्याच्याशी भांडण्यात काही मतलब नाही.

ही पद्धत जुनी आहे. अमेरिकेत फ्रँक बुकमन नावाच्या ल्युथरन पाद्र्यानं शंभरेक वर्षांपूर्वी एक ख्रिस्ती चळवळ सुरू केली, पुढे ती ऑक्सफर्ड ग्रुप म्हणून ओळखली गेली. रोज पहाटे शांत बसायचं, मनात येईल ते वहीत लिहायचं, आपल्या चुका दुसऱ्या माणसाजवळ बोलायच्या, ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाऊन ते भरून द्यायचं. प्रामाणिकपणा, शुद्धता, निःस्वार्थ आणि प्रेम या चार कसोट्यांवर रोजचं वागणं तपासायचं. 1938 मध्ये तिचं नाव मॉरल रीआर्मामेंट झालं. आपल्याकडे पाचगणीला तिचंच केंद्र आहे, एशिया प्लॅटो. याच मंडळींमध्ये बसून दारू सुटलेल्या बिल विल्सन यांची 1935 साली ॲक्रन गावात डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडणाऱ्यांची संघटना उभी राहिली. ती नंतर ऑक्सफर्ड ग्रुपपासून वेगळी झाली. कबुली, भरपाई, एकमेकांना आधार हे सगळं तिनं ठेवलं. देव मात्र ज्याला जसा कळतो तसा, एवढंच म्हटलं. दारू सोडायला आलेल्याला विशिष्ट देवाची अट नको, हे त्यांना अनुभवानं कळलं होतं.

आणि इतकं लांब कशाला जायचं? नागपूर-भंडाऱ्याकडे बाबा जुमदेवजींच्या परमात्मा एक मार्गात गेलेली घरं तुमच्या नात्यात असतीलच. तिथेही दारू-जुगार सोडायचा, घरातल्या मूर्ती-फोटो काढायचे आणि एकाच भगवंताला मानायचं. तो मार्ग धरून कितीतरी संसार सावरले. तेव्हा त्या घरातल्या बायकांना गावानं "तुझा माणूस गेला" असं म्हटलं का? येशूचं नाव आलं की आपले कान वेगळे टवकारतात, एवढं मान्य करून पुढे जाऊ.

म्हणजे तुमची भीती अर्धी खरी आहे. भावानं किंवा दिरानं त्याला जोरानं तिथून काढलं, तर ती रिकामी संध्याकाळ परत येईल आणि तिच्यासोबत दारूही येऊ शकते. म्हणून ओढून आणणं, धमकावणं, मोबाइल फोडणं यातलं काहीही होऊ देऊ नका. खोटं आहे ते दुसरं अर्ध: प्रार्थनेनं दारू सोडवली, म्हणून आता आम्ही सगळ्यांनी त्यांचं ऐकलंच पाहिजे. दारू सुटली याची फी बाप्तिस्मा नसते. उपकार मानायचे असतील तर तोंडानं माना, त्या ब्रदरला एकदा घरी जेवायला बोलवा. त्यापुढे तुमचं काही देणं लागत नाही.

आता प्रसाद आणि पोळा. प्रसाद न खाणारा माणूस विदर्भाला नवा आहे का? महानुभावांचं रिद्धपूर आपल्याच विदर्भात, अमरावती जिल्ह्यात. या पंथाचे उपदेशी, म्हणजे उपदेश घेतलेले लोक, इतर देवतांचा प्रसाद घेत नाहीत, त्यांच्या पूजेला बसत नाहीत, आणि शेकडो वर्षं याच गावांमध्ये सगळ्यांसोबत नांदत आले आहेत. लोकांनी त्यांच्याशी वागायची रीत बसवली: कोण काय खात नाही ते लक्षात ठेवायचं आणि आग्रह करायचा नाही. तुमच्या घरालाही ती रीत बसवता येईल.

मागच्या पोळ्याला तो घरात दार लावून बसला आणि बैल दिरांनी तोरणात नेले, हे तुम्हाला सर्वात जास्त लागलेलं दिसतं. मलाही ते वाचून वाईट वाटलं. यंदा पोळ्याच्या आठ-पंधरा दिवस आधी, भांडण नसताना, त्याला एकच विचारा: नेमकं काय केल्यानं तुमचा विश्वास मोडतो? हळद-तूप लावून खांदे मळायला हरकत आहे का? "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या" म्हणायला? आंघोळ घालायला, झूल चढवायला, पुरणपोळी भरवायला? बहुतेक वेळा अडचण आरतीपाशी आणि कुंकवापाशी येऊन थांबते. ते सासूबाई करतील. वर्षभर त्याच्यासाठी राबलेल्या जनावराची सेवा करायला त्याचा येशू नाही म्हणेल असं मला वाटत नाही. बायबलात पौल नावाच्या प्रेषितानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्याच पत्रात मूर्तीपुढच्या अन्नाचा वाद आहे. अन्नानं आपण देवाच्या जवळही जात नाही आणि लांबही जात नाही, असं तो म्हणतो. पण दुसऱ्याचं मन अडखळत असेल तर खाऊ नये, असंही म्हणतो. म्हणजे त्याच्याच ग्रंथात जागा आहे. त्यानं ती वापरली नाही, तर जबरदस्ती करू नका.

अक्षय तृतीयेची घागर धाकटे दीर भरतील. तेही त्याच बापाचे लेक आहेत ना? सासूबाईंना दुःख होईल ते घागरीपेक्षा "मोठ्यानं बापाला सोडलं" याचं. त्या दिवशी त्यानं आईजवळ बसून बापाच्या चार गोष्टी काढल्या, तरी ते बरंच कमी होईल. हे तुम्हीच त्याला सुचवा, सासूबाईंकडून नको.

देव्हाऱ्याचं उत्तर साफ आहे. तो तुमचा आणि सासूबाईंचा आहे, तो राहील. पास्टर त्यावर बोलले तर त्याच पत्राचा सातवा अध्याय त्यांना दाखवा. विश्वास न ठेवणारी बायको नवऱ्यासोबत राहायला तयार असेल तर त्यानं तिला सोडू नये, असं तिथे लिहिलेलं आहे. तिला आधी विश्वासात आण, मग नांदव, अशी अट तिथे नाही. तुम्ही बायबल दाखवलंत म्हणून कोणी हसलं तर हसू द्या.

पैशाबद्दल तुम्ही फक्त "दशांश देतो" एवढंच लिहिलंय, पण प्रश्न कशाचा दहावा भाग हा आहे. समजा 10 क्विंटल कापूस गेला, 2025-26 च्या मध्यम धाग्याच्या हमीभावानं, 7,710 रुपयांनी. पट्टी 77,100 ची. दशांश 7,710. पण त्या पट्टीत बियाणं, खत, फवारणी, निंदण, वेचणी सगळं आलं. तो खर्च 55,000 धरला तर हातात 22,100 उरतात, आणि त्यातले 7,710 म्हणजे तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त. नोकरदाराचा दहावा भाग आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या पट्टीचा दहावा भाग एक नव्हे. शहरात पगारावर बसवलेला हा हिशेब खेड्यात तसाच्या तसा सांगितला जातो, ही माझी या सभांबद्दलची खरी तक्रार आहे. नवऱ्यासोबत कागदावर मांडा. त्याच कागदावर पूर्वी महिन्याला दारूत आणि खर्ऱ्यात किती जायचे तेही लिहा, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. मग बी-भरणाचे, मुलीच्या शिक्षणाचे, पीककर्जाच्या हप्त्याचे पैसे आधी बाजूला काढायचे आणि उरल्यातून द्यायचं, असं ठरवा. दहावा भाग मंडळी बायबलातल्या मलाखीच्या पुस्तकातून सांगतात. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राचा नववा अध्यायही वाचायला सांगा. ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा जबरदस्तीनं नको, असं तिथे आहे. पावती मिळते का आणि ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे का, हेही विचारा. नोंद नाही म्हणजे लगेच चोर असं नाही, घरगुती सभा कित्येकदा अशाच चालतात. पण विचारल्यावर राग आला, तर तो लक्षात ठेवा.

आता गोळी. मी तुमच्या जागी असते तर पत्र इथूनच सुरू केलं असतं. बीपी वाढलेलं बहुतेक वेळा कळतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, आणि "गोळी सोडली तरी मी ठणठणीत आहे" अशी साक्ष देता येते. मग एके दिवशी लकवा मारतो. त्याच्याशी विश्वासावर वाद घालू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन बीपी मोजा आणि आकडा कागदावर लिहून आणा. नंतर पास्टरना भेटा, नवरा समोर असताना, आणि सरळ विचारा: यांनी गोळी घ्यावी की नाही? बहुतेक पास्टर "घ्या" म्हणतील; कित्येकदा औषध सोडायला कोणी सांगितलेलंच नसतं, साक्षी ऐकून ऐकून माणूस स्वतःच सोडतो. "घेऊ नका" म्हणाले, तर मात्र ती जागा तुमच्या नवऱ्यासाठी धोक्याची झाली असं समजा आणि डॉक्टरांना मध्ये घ्या. त्याला पटेल असं बोलायचं असेल तर हे सांगा: शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता, पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. आणि यवतमाळकडचा उमरीचा मिशन दवाखाना, अचलपूरजवळचं कोठाऱ्याचं कुष्ठरुग्णालय कोणी चालवलं? येशूला मानणाऱ्यांनीच. त्यांना प्रार्थना पुरेशी वाटली असती तर इतके दवाखाने बांधले नसते.

मुलीचं तुम्ही फार घाबरून लिहिलंय. दहावीचं वर्ष संपेपर्यंत उपास नाही, शुक्रवारचा नाही आणि तुमचा सोमवारचाही नाही; हा नियम दोघांवर सारखा ठेवा. सभेला जायचं की नाही ते तिलाच विचारा, आणि एकटीला विचारा. मला थोडी शंका आहे की तिला तिथे जायला आवडत असेल. गाणी असतात, दुसऱ्या गावच्या मुली भेटतात, कोणीतरी नाव घेऊन चौकशी करतं. आपल्या खेड्यांत पंधरा वर्षांच्या मुलीला जाण्यासारख्या जागा किती असतात? तसं असेल तर रागावू नका. पण तिचा कोणताही विधी ती सज्ञान होईपर्यंत नको, हे नवऱ्याकडून स्पष्ट कबूल करून घ्या.

तुमच्या बाप्तिस्म्याबद्दल. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला, लक्ष्मीबाईंना, न सांगता. त्या तुटल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नवऱ्याकडे परतल्या तेव्हाही आपलं सोवळं त्यांनी आपल्यापुरतं सांभाळलं. पुढे 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःला पटल्यावर. परतल्यापासून बाप्तिस्म्यापर्यंत दोघं दोन श्रद्धांनी एका घरात राहिली. तुम्हाला कधीच पटलं नाही, तरी काही बिघडत नाही. आणि पटलं, तर ते नवरा परत पिईल या भीतीनं किंवा पास्टरच्या तारखेला नको.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण अशा पत्रांमध्ये अफवाच जास्त असतात. धर्म बदलला म्हणून नवऱ्याचा वडिलोपार्जित शेतीतला वाटा जात नाही. 1850 च्या जुन्या कायद्यापासून हे ठरलेलं आहे, दिरांना सांगा. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांची मालमत्ता वारशानं मिळत नाही. तुमची मुलगी आधीची आहे, तिला हे लागू नाही. तुमची जात तुम्ही लिहिलेली नाही. अनुसूचित जातीची असाल तर ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा जातो, कारण 1950 च्या आदेशात पुढे शीख आणि बौद्धांची भर पडली, ख्रिस्त्यांची नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. ओबीसी असाल तर यादीत आपली नोंद कशी आहे ते समाजकल्याण कार्यालयात पाहा. मुलीच्या शिष्यवृत्तीचा आणि प्रवेशाचा प्रश्न आहे. हे न सांगता कोणी घाई करत असेल तर ते तुमचं भलं पाहत नाहीत. आणि गावानं बोलणं, पाणी, मजुरी बंद करायची भाषा केली, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार हा 2016 च्या कायद्यानं गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात लेखी द्या.

माहेरी जाण्याचं कारण मला तुमच्या पत्रात सापडलं नाही. मारहाण परत सुरू झाली, देव्हारा तुमच्या हातातून काढून घेतला, मुलीवर जबरदस्ती झाली, तर भावाला फोन करा, मी आडवी येणार नाही. तोवर त्याला सांगा की बहिणीला दारूच्या दिवसांत न्यायला यायचं होतंस. हे लिहिताना मी थोडी रागात आहे, हे खरं.

जमलं तर एक करा. एका रविवारी त्या सभेला जाऊन मागे बसा, सासूबाईंना घेऊन गेलात तर आणखी बरं. डोळे मिटायची गरज नाही. पैसे कोण मोजतं ते पाहा. बायका प्रश्न विचारू शकतात का ते पाहा. आणि जो येईनासा झाला, त्याच्याबद्दल ही माणसं कसं बोलतात ते कान देऊन ऐका. "त्याचं चालू आहे बरं, भेटतो कधी कधी" असं म्हणत असतील, तर तिथे नवऱ्याला राहू द्यायला हरकत नाही. "सोडून गेला आणि लेकरू आजारी पडलं, बैल मेला" असं सांगून बसलेल्यांना घाबरवत असतील, तर ती माणसं धरून ठेवायला बसली आहेत. सत्संग असो, बैठक असो, मार्ग असो की प्रार्थना, ज्या बायांनी मला अशीच पत्रं लिहिली त्या सगळ्यांनी आधी हेच ऐकावं.

ही मंडळी अशी घाबरवणारी निघाली, तर संध्याकाळसाठी दुसरी जागा आधी शोधा, मगच ती सभा सोडवा. नागपूर-अमरावतीला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा होतात, तिथे फी नाही आणि धर्म विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे, ते तुमच्यासाठी. व्यसनमुक्तीची सरकारी मदतवाहिनी 14446 आहे आणि मन हलकं करायला टेलिमानस 14416, दोन्ही फोन फुकट. पण आरोग्य केंद्राचं रविवारवर टाकू नका, उद्या सकाळीच त्याला घेऊन जा.